नऊ बत्तीसचा फोन

१२ नोव्हेंबर, बुधवार. यादीतलं पहिलं काम: तुझा आवाज काढून टाकणं.

वैजू, हे मी ठरवलेलं नाही. प्रिन्सिपलबाईंनी सोमवारीच सांगितलं होतं. दोन पालकांची तक्रार आली होती आणि तिसरीने फोन करून नुसतं रडून घेतलं होतं. मी म्हटलं, बुधवारी करते, दुपारी मुली घरी गेल्या की. मी काम टाळत नाही हे तुला माहीत आहे. हे दोन दिवस टाळलं.

रडल्या त्या जोशीबाई. तुला जाऊन तेव्हा दहा दिवसही झाले नव्हते. त्यांची ईशा तापाने घरी होती. ऑफिसचा फोन मी उचलला, तर पलीकडून कुजबुज.

"ताई, मला आत्ता वैजूचा फोन आला."

"कोणाचा?"

"वैजूचा हो. म्हणाली, तुमची मुलगी ईशा आज शाळेत आली नाही, ती कुठे आहे? आणि ताई, मी तिला उत्तर दिलं. म्हटलं, घरीच आहे गं, ताप आहे. मग एकदम आठवलं."

मी त्यांना समजावलं की ते रेकॉर्डिंग आहे. मुलगी आली नाही की साडेनऊला शाळेचा कॉम्प्युटर आपोआप घरी फोन लावतो, ज्याच्या त्याच्या भाषेत. आधी इंग्रजी, मग स्पॅनिश, मग अरबी, मग गुजराती. मराठीची पाळी येते नऊ बत्तीसला, आणि मराठी म्हणजे तू. हे त्यांना आधीपासून माहीत होतं. तरी त्या दिवशी त्यांनी तीनदा विचारलं, "नक्की रेकॉर्डिंगच ना?" मी नक्की म्हटलं, फोन ठेवला आणि पाणी प्यायले.

ते रेकॉर्डिंग आपण कुठे केलं ते आठवतं? शाळेच्या तळघरातली जुनी कोटांची खोली. ओळीने पितळी खुंट्या, प्रत्येकीवर आकडा. पूर्वी मुली तिथे कोट काढून ठेवायच्या, आता आम्ही हरवलेले, कोणी न्यायला न आलेले कोट तिथे टांगतो. कोटांमुळे आवाज घुमत नाही म्हणून मी ती खोली निवडली. तू दारातच थांबलीस. "काहून गं, मला इथं मारायला आणलं का?" म्हणालीस. मग एका निळ्या कोटाची बाही हलवून त्याच्याशी हात मिळवलास.

मुळात माझाच आवाज घ्यायचा होता. हजेरी माझं काम, मराठी माझी. मी एकदा बोलून तुला ऐकवलं, तर तू म्हणालीस, "असा फोन आला तर पोरगी राहू दे, आईच घर सोडून पळेल." म्हणून तू. मी छापून दिलेल्या कागदावर होतं, 'आपली कन्या आज गैरहजर आहे. कारण कळवावे.' तू तो कागद घडी करून आपल्या कोटाच्या खिशात घातलास. "कारण कळवावे काय? पोलीस ठाणं आहे का हे? आई आधी काय विचारते? कुठे आहे, हे विचारते." आणि पहिल्याच दमात बोललीस. नमस्कार. तुमची मुलगी, इथे मोकळी जागा सोडलीस नावासाठी, आज शाळेत आली नाही. ती कुठे आहे?

नावं वेगळी घ्यायची होती, कारण कॉम्प्युटर ईशाचं आयशा करायचा आणि मुक्ताचं तर काय करायचा ते सांगवत नाही. दरवर्षी ऑगस्टमध्ये तू यायचीस, कोटांमध्ये स्टुलावर बसायचीस आणि नव्या मराठी मुलींची नावं एकेक करून म्हणायचीस. मी यादीवर खूण करायचे. तुझ्या डब्यात सांबारवडी असायची. कोथिंबिरीला सांबार म्हणणारी तू एकटीच भेटलीस मला या देशात, त्यामुळे पहिल्या वेळी मी डाळीचं सांबार शोधत बसले होते.

आता भांडणाचं बोलू. ते अर्धवट राहिलंय.

ही शाळा सरकारी, फी नाही, फक्त मुलींची आणि परीक्षा देऊन आत जायची. जागा थोड्या, मुली ढीगभर. तीन वर्षांपूर्वी आपल्या दोघी आठवीत होत्या. तुझी मुक्ता आणि माझी रेवा वर्षभर तुझ्या जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत होत्या, तुझा तो कोंबडीच्या आकाराचा टायमर लावून. परीक्षेच्या दिवशी, जानेवारीत, आपण गाडीत हीटर लावून बसलो. त्या दोघी दारातून आत गेल्यावर तू थर्मासमधला चहा ओतलास आणि म्हणालीस, "आता आपल्या हातात काही नाही, मस्त वाटतं ना?" मला मस्त वाटत नव्हतं. मी त्याच शाळेच्या ऑफिसात काम करते. निकालाची पाकिटं माझ्या टेबलावरून जाणार होती.

मार्चमध्ये मुक्ताला जागा मिळाली. रेवाचं नाव वेटिंग लिस्टवर, वरून दुसरं.

तू म्हणालीस, "प्रिन्सिपलकडे जा. एक शब्द टाक. तू इथली आहेस."

"इथली आहे म्हणूनच नाही जाणार."

"नियम?"

"नियम."

"हजेरीबाई, तू पोरीसाठी एक दारसुद्धा वाजवलं नाहीस."

"आणि तू मुक्तासाठी भिंत पाडली असतीस."

"पाडली असती," तू म्हणालीस. शाळेच्या पार्किंगमध्ये, सगळ्या आया ऐकत असताना. त्यानंतर जुलै संपेपर्यंत आपण बोललो नाही. मग ऑगस्टमध्ये तू डबा घेऊन उगवलीस, "चल, कुठेत तुझे कोट?" म्हणालीस, आणि तो विषय तिथेच राहिला. रेवा आमच्या घराजवळच्या शाळेत जाते, बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते, तिचं बरं चाललंय. हे मी तुला सांगितलं की तू मान हलवायचीस आणि दुसरं काहीतरी बोलायचीस.

तर बुधवार. तीन वाजता इमारत रिकामी झाली. मी आधी मराठी फोनांची तू गेल्यापासूनची नोंद उघडली. नवा निरोप चढवल्यावर तो कोणाकोणाला जाणार ते बघून ठेवावं, एवढाच हेतू. यादी छोटी होती. ईशा एकदा. आणखी दोघी एकेकदा. आणि मुक्ता, नऊ वेळा.

मुक्ता येत नाही हे मला माहीत होतं. हजेरी मीच बघते. तू गेल्यावरचे पाच दिवस नियमाप्रमाणे माफ होते. मग ती चार दिवस आली, आणि एकोणतीस ऑक्टोबरपासून बंद झाली, मधल्या दोन सुट्ट्या सोडून नऊ दिवस. मला वाटलं, नितीनला ठाऊक असेल, बाप आहे, वेळ देतोय पोरीला. इशाऱ्याची पत्रं जातच होती. दहावी विनापरवाना गैरहजेरी लागली की जागा समितीपुढे जाते, आणि समितीने ती मुलीला परत दिल्याचं मी पाहिलेलं नाही. वेटिंग लिस्टवर कोणीतरी असतंच. हे सगळं पत्रात लिहिलेलं असतं.

मुक्ताच्या नावापुढे नंबर होता तुझा. पत्रांचा ईमेल तुझा. आणि नऊच्या नऊ फोनांपुढे एकच शेरा: उचलला, व्यक्तीने. एकतीस सेकंद. पूर्ण ऐकला.

मी खुर्ची मागे सरकवली. व्हॉइसमेल असला तर कॉम्प्युटर तसं लिहितो, तो फरक त्याला कळतो. व्यक्तीने. रोज सकाळी नऊ बत्तीसला शाळेतून तुझा आवाज निघत होता, तुझ्याच फोनवर जात होता, आणि तिथे कोणीतरी तो उचलत होतं.

हीटरचा पाइप ठणठणला. तो रोज त्याच वेळी ठणठणतो. तरी मी मागे वळून बघितलं.

चूक माझी होती, सांगून टाकते. संपर्काचा नंबर बदलायला पालकांची सही असलेला फॉर्म लागतो. तो फॉर्म मी नितीनच्या हातात दिला होता. तेराव्याला. हो, तेराव्याला, लोक जेवत असताना, पेनसकट. त्याने घडी करून खिशात घातला, अगदी तू माझा कागद घातला होतास तसा. फॉर्म परत आला नाही, म्हणून मी नंबर बदलला नाही. सोळा दिवस माझ्या टेबलावर तुझा नंबर तसाच होता, आणि मी फॉर्मची वाट बघत होते.

नितीनला फोन लावला. तो मॅनहॅटनमध्ये ऑफिसात होता.

"ताई, काहीतरी घोटाळा आहे. ती रोज जाते. मी सहा दहाच्या ट्रेनला निघतो तेव्हा ती बूट घालून बसलेली असते."

"वैजूचा फोन कुठे आहे?"

"घरीच. चालू आहे. मी रोज चार्जिंगला लावतो."

"का?"

"सवय," म्हणाला.

मी त्याला नोंद वाचून दाखवली. तारीख, वेळ, एकतीस सेकंद. नऊ वेळा वाचली. मध्ये त्याने एकदाच "थांबा" म्हटलं, मग "वाचा" म्हणाला. शेवटी मी म्हटलं, "उद्या दहावी आहे. उद्याची ट्रेन चुकव. मी सकाळी येते."

मग लॅपटॉप घेऊन कोटांच्या खोलीत गेले. काम होतंच.

तुझ्या स्टुलावर बसले. निळा कोट अजून तिथेच आहे, तीन वर्षं कोणी नेला नाही. मी बोलले. नमस्कार. तुमची मुलगी. आज शाळेत आली नाही. ती कुठे आहे? शब्द तुझेच ठेवले, 'कारण कळवावे' परत आणलं नाही. ऐकलं तर आवाज पोलीस ठाण्याचाच होता. पाचव्या वेळी जरा बरा आला. मग नावं. तुझ्या फाइलींची यादी समोर ठेवली आणि एकेक नाव म्हणत गेले. मुक्ताचं तू कसं घेतलं होतंस ते आधी ऐकलं. बाकीच्यांची नावं तू नीट घेतली आहेस, पाहुण्यांशी बोलावं तशी. हिचं मात्र स्वयंपाकघरातून मारलेली हाक आहे, शेवटचा 'आ' लांब. मुक्ताऽ.

यादीच्या तळाशी आणखी एक फाइल होती. नाव: रेवा.

शाळेत मराठी घरातली रेवा नावाची मुलगी नाही. आधीही नव्हती. मला पहिलं वाटलं की कॉम्प्युटरने काहीतरी उलटसुलट केलंय. फाइलीवर तारीख होती फेब्रुवारीची, आपण पहिल्यांदा तिथे बसलो त्या दिवसाची. परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. मी तुला तेव्हा बजावलं होतं, आपल्या पोरींची नावं घ्यायची नाहीत, अजून काही ठरलेलं नाही. मग वरून कोणीतरी हाक मारली म्हणून मी दोन मिनिटं काउंटरवर गेले होते.

फाइल लावली.

"रेवाऽ."

तसंच. स्वयंपाकघरातून. मग थोडी खसखस, कोटांची किंवा तुझ्या साडीची, त्या दिवशी हळदीकुंकू होतं तुमच्या सोसायटीत. मग दाराचा आवाज. तू कुजबुजलीस, "आली." आणि नंतर माझा आवाज, तीन वर्षांपूर्वीचा, घाईतला.

"झालं का?"

"झालं," तू म्हणालीस.

मी दाराकडे बघितलं. दार बंद होतं. पुन्हा एकदा लावलं. तिसऱ्यांदा नाही लावलं.

तू हे मला कधी सांगितलं नाहीस. पार्किंगमध्ये भांडतानाही नाही, आणि तेव्हा ते वापरता आलं असतं. आता मीही एक सांगते, जे तुला सांगितलं नव्हतं. नियम हे कारण नव्हतं. वरून दुसऱ्या नावासाठी शब्द टाकला असता तर प्रिन्सिपलबाई हो म्हणाल्या असत्या, त्यांना मी लागते. त्यांनी हो म्हटलं तर काय, याचीच मला भीती होती. मग रोज कॉरिडॉरमध्ये रेवा दिसली असती आणि मला वाटलं असतं, ही मागून आणलेली. माझ्या पोरीकडे मी तसं बघितलं असतं. हे तुला पटलं नसतं. तू म्हणाली असतीस, "ना बाप्पा, एवढा विचार करून कोणी जगतं का?" म्हण ना.

जुन्या सगळ्या फाइली पुसायच्या आधी मी माझ्या फोनवर घेतल्या. त्या शाळेच्या मालकीच्या आहेत, तसं करायची परवानगी नाही. केलं.

संध्याकाळी रेवाला तिची फाइल ऐकवली. ती ट्रॉम्बोन पुसत होती. ऐकून थांबली.

"मावशीने असं म्हटलंय जसं काही आय वॉज ऑलरेडी इन."

"हो."

"आई, परत लाव."

मी फोन तिच्याकडे दिला आणि कुकर लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, सव्वासातला तुमच्या दारावर होते. नितीनने दार उघडलं, ऑफिसचा शर्ट, पायात चपला. मुक्ता सोफ्यावर बसली होती. बूट घातलेले, दप्तर पाठीला, मांडीवर तुझा फोन. त्या फोनकडे आम्ही तिघंही बघत होतो.

"मावशी, आय नो की ते रेकॉर्डिंग आहे. मी काही क्रेझी नाहीये."

"माहीत आहे मला."

"मग तू आणि बाबा असं का बघताय?"

मी तिच्याशेजारी बसले. "फोन आला की काय करतेस?"

"उचलते."

"आणि?"

"घरी आहे, म्हणते. ती विचारते ना, कुठे आहे. पहिल्या दिवशी मी रिअली झोपून राहिले होते, बाय मिस्टेक. आणि तिने विचारलं." तिने फोन उलटा करून ठेवला. "बाकी सगळे आय ॲम सो सॉरी म्हणतात. बाबा विचारतो, जेवलीस का. कुठे आहेस असं कोणी नाही विचारत, मावशी."

नितीन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मी तिला सांगितलं की आज फोन आला तर त्यात माझा आवाज असेल. तिचा चेहरा असा झाला की मी पटकन पुढचं सांगितलं. "शाळेतून काढलंय. माझ्याकडे आहे. हे घे, तुला पाठवते. तुझ्या नावाचंही आहे. ही शाळेची मालमत्ता आहे, मी चोरली आहे."

"तू? चोरलंस?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली, नाकातून, तुझ्यासारखी. "आई कधीच बिलीव्ह करणार नाही."

"नको करू दे. आता ऊठ. आज आली नाहीस तर ती जागा मी वाचवू शकत नाही, आणि वाचवता आली तरी मी शब्द टाकत नाही, हे तुझ्या आईला विचार."

"तिने सांगितलंय ते," मुक्ता म्हणाली. "खूपदा."

ती केस विंचरायला गेली. तेवढ्यात मी दुसरा फॉर्म टेबलावर ठेवला, कोंबडीच्या टायमरशेजारी, आणि नितीनने उभ्या उभ्याच सही केली. नंबर त्याचा, ईमेल त्याचा. पेन या वेळीही माझंच.

रस्त्यात शाळेची बस पुढे आडवी आली. आठ वीसची वेळ गेली. आठ सव्वीसला आम्ही आत शिरलो. काउंटरच्या पलीकडे जाऊन मी उशिराची चिठ्ठी फाडली.

"सीरियसली? तू मला लेट मार्क करणार?"

"करणार."

तिने चिठ्ठी घेतली. आमच्याकडे मुलींचे फोन सकाळी ऑफिसच्या कपाटात जमा होतात. तिने दोन ठेवले, तिचा आणि तुझा, आणि जिन्याने वर गेली. मागच्या नऊ गैरहजेऱ्या मी पुसलेल्या नाहीत. नऊ आहेत. दहा नाहीत.

नऊ बत्तीसला मराठी यादीत कोणी नव्हतं. मी ऑफिसचा फोन बाजूला ठेवला, स्वतःचा काढला आणि तुझा नंबर लावला. कपाटात, पत्र्याच्या ट्रेमध्ये, काहीतरी थरथरायला लागलं. दार उघडंच होतं. तुझा फोन बाकीच्या फोनांमधून हळूहळू सरकत कडेला आला, आणि त्याच्यावर नाव उजळलं: हजेरीबाई.

मी वाजू दिला. कोणी उचलला नाही. मग व्हॉइसमेलचं टूं झालं, आणि मी कागदावरून वाचावं तसं बोलले.

"नमस्कार. शाळेतून बोलतेय. तुमची मुलगी मुक्ता आज शाळेत आली आहे. आठ सव्वीसला आली. उशीर मांडला आहे."

जरा थांबले. "झालं," म्हटलं, आणि फोन ठेवला.